स्पीड पोस्ट महागलं म्हणे, पण नक्की कुणाला? नवे दर, ज्ञान पोस्ट आणि पाकिटाचं वजन

स्पीड पोस्ट महागलं महागलं म्हणून सगळीकडे ओरड चालूय, आमच्या पुस्तकवाल्यांच्या ग्रुपवर तर दर आठवड्याला कुणीतरी पावतीचा फोटो टाकतं आणि खाली "लूट आहे नुसती" अशा कमेंटींचा पाऊस. मी पुण्यात घरून जुनी मराठी पुस्तकं विकते, म्हणजे कथा-कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, कुणाच्या आजोबांच्या कपाटातून निघालेले जुने दिवाळी अंक वगैरे, त्यामुळे पोस्टाच्या काउंटरवर माझी हजेरी ठरलेली. पुस्तक ऐंशी रुपयांचं आणि टपालखर्च सत्तर, असा आमचा धंदा, त्यामुळे दर एक रुपयाने हलला तरी मला कळतं. म्हणून म्हटलं एकदा नीट रिव्ह्यू लिहावा, नुसता राग काढायला नाही, तक्ता समोर ठेवून.

माझं मत आधीच सांगून टाकते. दर वाढलेत हे खरं, पण सगळ्यांना सारखे वाढलेले नाहीत. लांब पाठवणाऱ्याला फारसा फरक पडलेला नाही, काही वजनांना तर चक्क स्वस्त झालंय, आणि दणका बसलाय तो जवळ पाठवणाऱ्याला. पुणे-मुंबई, पुणे-सातारा असलं ज्यांचं रोजचं टपाल आहे ते मेले.

आता आकडे. खाली सगळीकडे मूळ दर सांगतेय, त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा धरा. 1 ऑक्टोबर 2025 पासून नवे दर लागू झाले, त्याआधीचे दर ऑक्टोबर 2012 पासून चालू होते, म्हणजे तेरा वर्षं तेच. तेरा वर्षं आपल्या दूधवाल्याने भाव वाढवला नसता तर आपण त्याची मिरवणूक काढली असती, त्यामुळे वाढ झाली याबद्दल माझी तक्रार नाहीच. पूर्वी 50 ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात 15 रुपये होते आणि बाहेर भारतात कुठेही 35. आता गावात 19 आणि बाहेर कुठेही 47. पन्नास ग्रॅमच्या आत बाहेरगावी अंतर बघतच नाहीत, पुण्याहून लोणावळ्याला पाठवा नाहीतर लडाखला, 47 च.

पन्नासच्या वर गेलं की मजा सुरू होते. पूर्वी पुढचा स्लॅब, म्हणजे वजनाचा टप्पा, 51 ते 200 ग्रॅम होता, आता तो 51 ते 250 झालाय. ह्या बदलाकडे कुणी बघतच नाही, सगळे नुसता रुपयांचा आकडा बघतात. आणि अंतराचे टप्पेही बदललेत, आधी 201 ते 1000 किलोमीटर असा एकच भलामोठा टप्पा होता, आता 201 ते 500 आणि 501 ते 1000 असे दोन केलेत. 51 ते 250 ग्रॅमला गावात 24, 200 किलोमीटरपर्यंत 59, 500 पर्यंत 63, 1000 पर्यंत 68, 2000 पर्यंत 72 आणि त्यापुढे 77. 251 ते 500 ग्रॅमला गावात 28, मग त्याच क्रमाने 70, 75, 82, 86 आणि 93.

आता जुने आकडे शेजारी ठेवा. 180 ग्रॅमचं छोटं पुस्तक पुण्याहून मुंबईला पूर्वी 35 रुपयांत जायचं, आता 59. जवळजवळ सत्तर टक्के वाढ! आणि 400 ग्रॅमचं पाकीट दिब्रुगडला पूर्वी 90 ला जायचं ते आता 93 ला जातं, तीन रुपये फक्त. म्हणजे आसामातल्या वाचकाला पुस्तक पाठवताना मला काही वाटेनासं झालंय आणि दादरच्या काकूंना पाठवताना हात आखडतो, हे उलटंच झालं की नाही. गावातल्या गावात मात्र बघा, 51 ते 200 ग्रॅमला 25 होते ते 24 झाले, 201 ते 500 ला 30 होते ते 28 झाले. पुण्यातल्या पुण्यात अर्धा किलोपर्यंतचं पाकीट जीएसटी धरून 33 रुपये 4 पैशांत घरपोच, ट्रॅकिंगसकट. कोथरूडहून हडपसरला रिक्षाने जाऊन देऊन या म्हटलं तर कितीला पडेल ते तुम्हीच सांगा.

त्या 250 च्या स्लॅबवर जरा थांबते कारण माझा सगळा धंदाच तिथे बसतो. आपली नेहमीची डेमी साईजची (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), दोनशे पानी, पुठ्ठ्याची बांधणी नसलेली कादंबरी घ्या. सत्तर जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाचा) कागद धरला तर आतली पानं साधारण 210 ग्रॅम भरतात, कव्हर धरून सव्वादोनशेच्या आसपास. जुन्या तक्त्यात हे पुस्तक 200 च्या वर म्हणून थेट पुढच्या स्लॅबमध्ये जायचं, म्हणजे दिल्लीला 80 रुपये. आता तेच पुस्तक 250 च्या आत बसवलं तर दिल्लीला 72. स्वस्त झालं! सोलापूरला 60 चे 63, नागपूरला 60 चे 68, मुंबईला 50 चे 59. वाढ आहे, पण बोंब मारण्याइतकी नाही. अट एकच, की पॅकिंग पंचवीस ग्रॅमच्या आत बसलं पाहिजे, आणि तिथेच लोक मार खातात. दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा, त्यावर बबल रॅपचे तीन वेढे, त्यावर खाकी कागद, त्यावर चिकटपट्टी अशी लावलेली की उघडायला करवत लागावी. हे सगळं मिळून आरामात साठ-सत्तर ग्रॅम होतं आणि तुम्ही अकरा रुपये अधिक जीएसटी, म्हणजे तेरा रुपये, नुसत्या पुठ्ठ्याचे भरता.

परवाचंच सांगते. काउंटरवरच्या काकांनी पाकीट काट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "ताई, दोनशे त्रेपन्न." म्हटलं काका दोन मिनिटं थांबा, पिशवीतून कात्री काढली, एक बाजू उघडली, आतला पुठ्ठा ओढून काढला, परत चिकटवलं. दोनशे एकेचाळीस. काका हसले, म्हणाले, "आता कात्री इथेच ठेवून जा, सगळ्यांना लागेल." मागच्या रांगेतल्या बाईंनी मात्र माझ्याकडे असं बघितलं की ही बया तेरा रुपयांसाठी काय करतेय. पण महिन्याची पाकिटं धरा आणि मग बघा ना हिशोब. तेव्हापासून एक घरगुती नियम, पुस्तक आधी पातळ प्लॅस्टिकमध्ये (पाऊस असो नसो), मग एकच खाकी कागद किंवा हलकी कुरिअर बॅग, कोपऱ्यांना फक्त पुठ्ठ्याच्या त्रिकोणी टोप्या. कोपरे वाचले की पुस्तक वाचतं. आणि घरी किचनचा डिजिटल काटा असेलच, पीठ मोजायचा, त्यावर वजन करूनच निघायचं, काउंटरवर सरप्राईज नको.

हो, एक सांगायचं राहिलं, हे दर डॉक्युमेंटच्या स्पीड पोस्टचे आहेत, 500 ग्रॅमपर्यंतचे. खोका केलात, जाडजूड झालं, वजन वर गेलं की मामला पार्सलचा होतो आणि त्याचा तक्ता वेगळा, त्यामुळे आधी काउंटरवर विचारून घ्या, उगाच माझ्या नावाने भांडू नका तिथे.

आता ज्ञान पोस्ट, म्हणजे पोस्टाची खास पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा. हे खरं तर आमच्यासारख्यांचं तारणहार असायला हवं होतं आणि अर्धंअधिक आहेही. मागची गोष्ट अशी की पूर्वी रजिस्टर बुक पोस्ट होतं, पुस्तकांसाठी खास, किलोला साधारण 32 रुपयांत जायचं, पाच किलोचा गठ्ठा 80 रुपयांत. छोटे प्रकाशक, ग्रंथालयं, चळवळीतली पुस्तिका काढणारी मंडळी सगळी त्याच्यावर जगायची. 18 डिसेंबर 2024 ला ते बंद झालं. नव्या पोस्ट कायद्याच्या नियमांत बसवताना एकदम काढूनच टाकलं, आणि बदल्यात लगेच काही दिलंही नाही. मग ओरडाओरड झाली, प्रकाशकांनी पत्रं लिहिली, आणि 1 मे 2025 पासून ज्ञान पोस्ट आलं. मधले साडेचार महिने पुस्तकं पाठवणाऱ्यांनी काय करायचं होतं ह्याचं उत्तर कुणी दिलं नाही. ह्याचा एक तारा मी कापणार आहे, आधीच सांगते.

पण सेवा म्हणून ज्ञान पोस्ट झकास आहे. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, अर्धा किलोपर्यंत 25, एक किलोपर्यंत 35, दोन किलोला 50 आणि असं चढत चढत पाच किलोला 100, वर लागू असेल तो कर. अंतराची भानगडच नाही, सावंतवाडी काय आणि सिलिगुडी काय. ट्रॅकिंग मिळतं. जातं मात्र जमिनीवरून, विमान नाही, त्यामुळे घाई असलेल्या गिऱ्हाईकाला आधीच स्पष्ट सांगायचं की दादा, पुस्तक येईल तेव्हा येईल, वाट बघायची तयारी असेल तर चाळीस-पन्नास रुपये वाचतील. दहातले आठ जण "ताई, स्वस्तातलंच पाठवा" म्हणतात. वाचणाऱ्या माणसाला घाई नसते, निदान माझ्याकडे येणाऱ्याला तरी नसते. वरचीच ती सव्वादोनशे ग्रॅमची कादंबरी, मुंबईला स्पीड पोस्टने 59 आणि ज्ञान पोस्टने 20. इथे 250 च्या आत बसवायची धडपडही करायची नाही, 300 पर्यंत मोकळीक आहे, त्यामुळे पुठ्ठाबिठ्ठा सगळं घाला खुशाल.

आता अटी, आणि ह्या अटींवरच सगळं अडतं. शैक्षणिक, स्पर्धा परीक्षांची, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं चालतात. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असायला हवं. नव्या पुस्तकाला ही अट काहीच नाही, पण जुन्या पुस्तकांत पहिलं पान गायब असणं ही रोजची गोष्ट, कव्हर फाटलंय, आतलं श्रेयनामावलीचं पान कुणीतरी लहानपणी होडी करायला वापरलंय, आणि पुस्तक मात्र दुर्मिळ! असं पुस्तक ज्ञान पोस्टात घालायचं नाही, पाकीट उघडून तपासायचा त्यांना अधिकार आहे आणि तपासलं तर अडचण तुमचीच. मी बांधायच्या आधी शेवटचं पानही बघते, बऱ्याच जुन्या मराठी पुस्तकांत मुद्रकाचं नाव मागे असतं.

दुसरी अट म्हणजे नियतकालिकं चालत नाहीत आणि जाहिराती असलेलं छापील साहित्य चालत नाही, फारतर पुस्तकांची यादी वगैरे किरकोळ असेल तर ठीक. झालं! दिवाळी अंक संपला. दिवाळी अंक म्हणजे नियतकालिकही आणि जाहिरातीही, पहिल्या पानावर सोन्याची पेढी आणि मलपृष्ठावर मसाले. ज्या महाराष्ट्रात दिवाळीला फराळाच्या ताटाशेजारी अंक लागतो तिथे पुस्तकांसाठीच्या स्वस्त टपालात तोच बसत नाही, ह्याला काय म्हणावं. आणि 2025 साली तर टायमिंग बघा, स्पीड पोस्टचे दर वाढले 1 ऑक्टोबरला आणि दिवाळी त्याच महिन्याच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेला, म्हणजे अंक निघायच्या ऐन हंगामात. दोनशे पानी अंक मोठ्या आकाराचा असतो, सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅम कुठेच गेले नाहीत, म्हणजे 251 ते 500 चा स्लॅब, मुंबईला 70 अधिक जीएसटी म्हणजे 82 रुपये 60 पैसे. दोन अंक एकत्र बांधले तर 500 च्या वर. मग लोक करतात काय, तर एकाच गावातले चार-पाच वाचक गोळा करतात, एक गठ्ठा एकाच्या घरी पाठवतात आणि तो पुढे वाटतो, किंवा गठ्ठा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर त्या गावी पोचवायचा आणि तिथून लोकलचं स्पीड पोस्ट करायचं, 28 रुपयांत. आमच्या ओळखीतल्या एकीने ठाण्यातल्या नणंदेला ह्या कामाला जुंपलंय, नणंद कुरकुरते पण अंक फुकट वाचायला मिळतात म्हणून करते.

रजिस्टर पोस्टबद्दल थोडक्यात, कारण बरेच जण विचारतात. 2025 पासून रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. आता स्पीड पोस्ट करताना वर 5 रुपये अधिक जीएसटी देऊन रजिस्ट्रेशन घ्यायचं, मग ते ज्याच्या नावाने आहे त्याच्याच, किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाच्या, हातात देतात. पूर्वी रजिस्टर पत्र साधारण 26 रुपयांत जायचं. आता गावातल्या गावात 19 अधिक 5, त्यावर कर, म्हणजे 28 रुपये 32 पैसे, फार फरक नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी घाबरायचं कारण नाही, सभासद त्याच शहरात असतील तर नोटिसा जवळपास तेवढ्यातच जातील. पण बाहेरगावी तेच पत्र 61 रुपये 36 पैसे, म्हणजे दुपटीच्या वर. ज्यांचे फ्लॅटमालक परगावी आहेत त्या सोसायट्यांनी पत्राचं वजन 50 च्या आत ठेवा एवढंच, ए-फोर कागद साधारण पाच ग्रॅमचा असतो, पाठपोट प्रिंट काढा, आठ कागद आणि एक पाकीट आरामात बसतं. हिशोबाची नव्वद पानं छापून पाठवायची हौस असेल तर मग द्या पैसे.

जे पत्र पोचल्याचा पुरावा लागत नाही ते साध्या टपालानेच टाकते मी, वीस ग्रॅमला पाच रुपये, चार कागद नाहीत, तीन धरा कारण पाकिटाचंही वजन असतं. पुस्तक मिळालं का, कसं वाटलं विचारायला मी अजून अंतर्देशीय टाकते, अडीच रुपये. लोकांना फार आवडतं, फोटो काढून पाठवतात परत, व्हॉट्सअॅपवर.

सवलती आहेत त्या लोकांना माहीतच नसतात. स्पीड पोस्टवर विद्यार्थ्यांना 10 टक्के सूट आहे, परीक्षेचे फॉर्म, कागदपत्रं पाठवणाऱ्या पोरांनी काउंटरवर आपण होऊन विचारायचं, तुमच्या कपाळावर विद्यार्थी लिहिलेलं नसतं. घाऊक पाठवणाऱ्या नव्या ग्राहकाला 5 टक्के. ओटीपी देऊन डिलिव्हरी हवी असेल तर तेही 5 रुपये अधिक जीएसटी. महागडी वस्तू असेल तर जरूर घ्या, पण वाचक सत्तरीचे आजोबा असतील तर विचार करून घ्या, पोस्टमन दारात आणि मोबाईल सुनेकडे, सून ऑफिसात, मग पाकीट परत जायचं.

खाजगी कुरिअरबद्दल विचाराल तर तुलना सरळ नाही. खोका मोठा आणि हलका असेल तर कुरिअरवाले आकारावरून वजन काढतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये आणि भागिले 5000. म्हणजे 30 बाय 25 बाय 10 चा खोका आत पिसं भरली तरी दीड किलोचा. पुस्तकं जड आणि आटोपशीर असल्यामुळे आपण वाचतो, पण आकाशकंदील, सॉफ्ट टॉय, रांगोळीचे साचे पाठवणाऱ्या बायका इथेच फसतात, खोका वस्तूच्या मापाचाच घ्या. मी एका कुरिअरकडे वर्षभर होते, नाव घेत नाही, दर पोस्टापेक्षा थोडा कमी सांगितला होता, मग महिन्याच्या बिलात इंधन अधिभार, दूरचा भाग म्हणून जादा, आणि कोकणातल्या एका गावाला तर "आमची सर्विस तिथे नाही" म्हणून पुस्तक तालुक्याच्या ऑफिसात पडून, वाचकाने एसटीने जाऊन आणायचं. पोस्टाचं हेच मला आवडतं, पिनकोड आहे तर पोस्टमन आहे.

परदेशी पाठवण्याचं वेगळं प्रकरण आहे, त्यावर नुसतं एवढंच की अमेरिकेत शुल्काचे नियम बदलल्यामुळे ऑगस्ट 2025 च्या शेवटी इथून तिकडे जाणारं बहुतेक टपाल थांबवलं होतं ते 15 ऑक्टोबरला परत सुरू झालं, तेही शुल्क इथेच आगाऊ भरून. न्यू जर्सीत मुलगा असलेल्या किती आयांच्या चकल्या घरातच संपल्या असतील त्या दिवाळीत.

तर रेटिंग. ज्ञान पोस्टला पाचपैकी चार, एक तारा त्या मधल्या साडेचार महिन्यांचा आणि दिवाळी अंकांना बाहेर ठेवल्याचा. स्पीड पोस्टला गावातल्या गावात पाच, लांबच्याला चार, आणि पुणे-मुंबई पट्ट्याला अडीच, तेही काउंटरवरच्या काकांकडे बघून. कुणाला दोनशे किलोमीटरच्या आत 250 ते 500 ग्रॅमची छापील वस्तू, जी ज्ञान पोस्टात बसत नाही, 70 पेक्षा कमीत पाठवायची युक्ती माहीत असेल तर खाली लिहा. नणंदेवाली युक्ती सोडून, मला नणंद नाही.